इच्छापूरच्या रस्त्यावर गिअरबॉक्सचे निदान

इंदूरहून निघून सिमरोल आणि भेरूघाटाची वळणे उतरणारा, मोरटक्क्यापाशी नर्मदा ओलांडणारा आणि पुढे सनावद, खंडवा, असीरगड, बुऱ्हाणपूर, शाहपूर अशा गावांतून दक्षिणेकडे येणारा रस्ता अनेक दशके ‘इंदूर-इच्छापूर मार्ग’ या नावाने ओळखला जातो. ज्या इच्छापूरचे नाव त्याला मिळाले ते बुऱ्हाणपूर जिल्ह्यातले एक लहानसे गाव असून, मध्य प्रदेशाची हद्द तेथे संपते आणि पुढे जळगाव जिल्ह्यातला मुक्ताईनगर तालुका लागतो. या मार्गाचा खंडव्यापासून इच्छापूरपर्यंतचा भाग मोटारसायकलीने पार करणाऱ्या प्रवाशाला सातपुड्यातला चढ, असीरगडाखालचा उतार, बुऱ्हाणपुरातली दाटीवाटी, तापीकाठचा सपाट केळीपट्टा आणि गावोगावचे गतिरोधक असे सर्व प्रकार एका दिवसात भेटतात, आणि त्यामुळेच गाडीच्या गिअरबॉक्समध्ये काही गंभीर बिघाड मूळ धरत असेल तर तो ओळखण्यासाठी लागणाऱ्या जवळजवळ सर्व चाचण्या हा रस्ता आपण होऊन घेतो. प्रस्तुत लेखात अशाच एका प्रवासाचा मागोवा घेतला आहे. गाडी शंभर सीसीची, चार गिअरची, बऱ्याच वर्षांच्या वापरातली, आणि तिचा स्वार खंडव्याहून इच्छादेवीच्या दर्शनाला निघालेला.

निदानाकडे वळण्यापूर्वी या पेटीची रचना थोडक्यात पाहिली पाहिजे, कारण तिच्यात काय फिरते आणि काय थांबते हे ज्याला ठाऊक नाही त्याला तिच्या आवाजांचा अर्थ लागत नाही. इंजिनाची शक्ती क्लचमधून मुख्य दांड्याकडे, म्हणजे मेन शाफ्टकडे येते आणि तेथून दात्यांच्या एखाद्या जोडीमार्फत दुसऱ्या दांड्याकडे, काउंटर शाफ्टकडे जाते, ज्याच्या टोकावर चेनचे पुढचे स्प्रॉकेट बसवलेले असते. चार गिअर म्हणजे दात्यांच्या चार जोड्या, आणि या चारही जोड्या सदैव एकमेकींत गुंतलेल्या असतात. मात्र प्रत्येक जोडीतले एक चक्र आपल्या दांड्यावर सैल फिरत राहते, त्यामुळे त्या जोडीतून शक्ती वाहत नाही. पायाने गिअर टाकला की शिफ्ट ड्रम नावाचा, अंगावर वाकड्या चरी कोरलेला दंडगोल थोडा वळतो, त्या चरींत अडकलेला फोर्क, म्हणजे दुबेळक्यासारखा पोलादी चिमटा, एका सरकत्या चक्राला बाजूला ढकलतो आणि त्या चक्राच्या अंगावर उभे असलेले जाड खुंट शेजारच्या सैल चक्राच्या खाचांत शिरतात. या खुंटांना मिस्त्री ‘डॉग’ म्हणतात. गिअर पडणे म्हणजे दाते जुळणे असा समज सर्वत्र आढळतो, परंतु दाते आधीच जुळलेले असतात. जुळतात ते डॉग, आणि गिअरबॉक्सच्या गंभीर आजारांपैकी फार मोठा वाटा या डॉगांच्या आणि फोर्कच्या झिजेचा असतो.

खंडव्याकडून येणारा रस्ता जंगलातून चढत असीरगडाच्या पायथ्याशी येतो. सातपुड्यातली ही खिंड उत्तरेतून दख्खनेत उतरण्याचा जुना मार्ग असून तिच्यावर पहारा देणारा हा गड हाती आल्याखेरीज खानदेश ताब्यात येत नाही हे जाणूनच अकबराने त्याला दीर्घ वेढा घातला होता व जानेवारी १६०१ मध्ये तो घेतला होता. आजच्या स्वाराच्या दृष्टीने या जागेचे महत्त्व वेगळे आहे: येथे काही अंतर इंजिन चाकाला ओढते आणि पुढे काही अंतर चाक इंजिनाला ओढते. चढावर दुसऱ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर पिळला असता गाडीने एकाएकी खटकन आवाज करून ओढ सोडली, इंजिन मोकळे ओरडू लागले, आणि गिअर पुन्हा टाकल्यावर गाडी काही अंतर नीट चालून पुन्हा तसेच झाले, हे या प्रवासातले पहिले लक्षण होते. मिस्त्रींच्या भाषेत याला गिअर सटकणे म्हणतात.

गिअर सटकतो तेव्हा तो नेमका केव्हा सटकतो हे पाहणे सर्वांत महत्त्वाचे आहे. डॉगाला दोन बाजू असतात. ओढीच्या वेळी एका बाजूवर दाब येतो आणि उतारावर ॲक्सिलरेटर सोडल्यावर, म्हणजे इंजिनाच्या अवरोधाने गाडी सावरली जात असताना, दुसऱ्या बाजूवर. नव्या डॉगाच्या कडा तीक्ष्ण असतात, आणि अनेक गाड्यांत त्या किंचित आतल्या अंगाला तिरक्या कापलेल्या असतात, जेणेकरून दाब जितका वाढेल तितके दोन्ही भाग एकमेकांत अधिक खेचले जावेत. त्या कडा गोल झाल्या की हाच दाब त्यांना एकमेकांपासून दूर लोटू लागतो. फक्त चढावर सटकणे म्हणजे ओढीची बाजू झिजलेली, फक्त उतारावर सटकणे म्हणजे विरुद्ध बाजू झिजलेली, आणि दोन्हीकडे सटकत असेल तर संशय डॉगापेक्षा फोर्कवर किंवा ड्रमला जागेवर धरून ठेवणाऱ्या स्प्रिंगवर अधिक जावा, असे अनुमान येथे निघते. असीरगड मागे टाकून निंबोल्याच्या दिशेने उतरताना त्याच दुसऱ्या गिअरमध्ये गाडी स्थिर राहिली, तिसऱ्या आणि चौथ्यात तर चढावरही तक्रार नव्हती, म्हणजे सर्व गिअरांना सारखीच लागू असलेली ड्रमची स्प्रिंग दोषमुक्त ठरली आणि संशयाचे वर्तुळ दुसऱ्या गिअरच्या डॉगांभोवती व त्यांना ढकलणाऱ्या फोर्कभोवती आवळत गेले. केवळ रस्त्याच्या चढउतारावर लक्ष ठेवून, एकही नट न फिरवता, इतके निदान होऊ शकते ही गोष्ट या विषयात रस असणाऱ्या प्रत्येकाने मनावर घेण्यासारखी आहे.

तरीही पेटीवर दोष ठेवण्याआधी तिच्या बाहेरचे संशयित तपासणे न्यायाचे ठरते, आणि निंबोल्याच्या थांब्यावर गाडी मधल्या स्टँडवर चढवून ते काम करता आले. गिअरचा पायखटका दांड्याच्या खाचांवर सैल झाला असेल तर पाय पूर्ण दाबला तरी आतला दांडा पूर्ण वळत नाही. खटका दाबल्यावर जागेवर परतत नसेल तर परतीची स्प्रिंग तुटलेली असते. क्लच वायर ताणलेली असेल तर क्लच अर्धवट सुटतो व इंजिन मोकळे ओरडते, पण तेव्हा खटकन असा आवाज येत नाही आणि ओढ हळूहळू नाहीशी होते, हा फरक सटकणारा गिअर आणि घसरणारा क्लच यांना एकमेकांपासून वेगळे करतो. चेन अति सैल असेल तर ती स्प्रॉकेटच्या झिजलेल्या दातांवरून उडी मारते आणि तो खटका गिअरबॉक्समधूनच आल्यासारखा वाटतो. या गाडीची चेन मधोमध बोटाने उचलली असता दोन ते तीन सेंटीमीटर हलत होती, म्हणजे योग्य होती. दाते शाबूत होते, क्लचच्या लिव्हरला थोडी मोकळी चाल होती, खटका घट्ट होता. बाहेरचे सर्व संशयित सुटले.

बुऱ्हाणपुरात शिरल्यावर गाडीचा वेग पायी चालणाऱ्यांच्या वेगाला येतो. फारुकी सुलतानांनी वसवलेले, मोगलांनी दख्खनच्या कारभाराचे ठाणे केलेले, ज्याच्या किल्ल्यात जून १६३१ मध्ये मुमताजमहलचा मृत्यू झाला ते हे शहर आज यंत्रमागांच्या खडखडाटाने भरलेले आहे, आणि त्या खडखडाटात गाडीचा बारीक आवाज ऐकायचा तर एखाद्या बाजूच्या गल्लीत थांबावे लागते. अशा गल्लीत न्यूट्रलची चाचणी घेता येते. इंजिन चालू, गाडी न्यूट्रलमध्ये आणि क्लच सोडलेला असताना मुख्य दांडा फिरत असतो. क्लच दाबला की तो थांबतो. न्यूट्रलमध्ये येणारी घरघर क्लच दाबताच नाहीशी होत असेल तर मुख्य दांड्याचे बेअरिंग किंवा क्लचची टोपली दोषी, आणि क्लच दाबल्यानेही काही फरक पडत नसेल तर आवाज इंजिनाचा असून गिअरबॉक्सला त्याच्यात ओढण्याचे कारण नाही. न्यूट्रल सापडण्यातल्या अडचणीचाही येथे उलगडा होतो: इंजिन चालू असताना न्यूट्रल सापडत नाही पण बंद केल्यावर सहज सापडते अशी स्थिती असेल तर क्लच पूर्ण सुटत नाही असे समजावे, इंजिन बंद असतानाही सापडत नसेल तर दोष आतल्या ड्रम-फोर्कच्या व्यवस्थेत. या गाडीत मुख्य दांड्याचा आवाज स्वच्छ होता, म्हणजे पुढचा तपास काउंटर शाफ्टकडे वळवणे भाग होते.

याच शहराच्या जमिनीखाली कुंडी भंडारा आहे. १६१५च्या सुमारास, अब्दुर्रहीम खानखानाच्या काळात, सातपुड्याच्या पायथ्याकडून तापीकडे झिरपणारे पाणी भुयारांनी शहरात आणण्याची जी व्यवस्था उभारली गेली, तिच्या वाटेवर ठरावीक अंतरांनी उभ्या कुंड्या खोदल्या गेल्या, ज्यांच्यातून हवा व उजेड आत जातो आणि भुयारात उतरता येते. त्या रचनाकारांनी दुरुस्तीचा विचार बांधणीच्या वेळीच केला होता, आणि त्याबद्दल त्यांच्याविषयी आदर वाटल्यावाचून राहत नाही, विशेषतः आजच्या मोटारसायकलीच्या पेटीकडे पाहताना, जिच्यात डोकावण्यासाठी तेल भरायची व काढायची दोन छिद्रे सोडली तर एकही वाट ठेवलेली नसते.

ही अडचण खर्चाच्या भाषेत समजून घेतली पाहिजे. गॅरेजमध्ये ‘हाफ इंजिन’ आणि ‘फुल इंजिन’ असे दोन शब्द चालतात. हाफ म्हणजे हेड, सिलिंडर आणि पिस्टनपुरते काम, आणि फुल म्हणजे क्रँककेसचे दोन अर्धे वेगळे करून आतले सर्व काही बाहेर काढणे. या प्रकारच्या गाड्यांत क्रँककेस उभी दुभागलेली असते आणि गिअरबॉक्स तिच्याच पोटात असतो, त्यामुळे एका फोर्कसाठीही इंजिन चौकटीतून उतरवावे लागते व हेड, सिलिंडर, क्लच, मॅग्नेट सर्व सोडवावे लागते. ज्याची रोजी या गाडीवर चालते त्याच्यासाठी चुकीच्या निदानावर इंजिन खोलले जाणे म्हणजे काही आठवड्यांची मिळकत वाया जाणे होय. मद्रासला १९५५ पासून तयार होऊ लागलेल्या बुलेटच्या जुन्या रचनेत हे संकट नव्हते. तिचा उजव्या पायाने चालवायचा, पहिला गिअर वर आणि बाकीचे खाली असणारा चार गिअरचा गिअरबॉक्स इंजिनापासून स्वतंत्र होता, त्याचे वंगण वेगळे होते, आणि इंजिनाला हात न लावता बाजूचे झाकण काढून त्याचे आतडे बाहेर काढता येत असे. येझ्दी, राजदूत, आरएक्स १०० अशा दोन-स्ट्रोक गाड्यांतही गिअरचे तेल क्रँकच्या खोलीपासून वेगळे असते, म्हणून तेथे निदानाचे एक निराळे सूत्र मिळते: गिअरचे तेल कमी होत आहे, बाहेर गळती दिसत नाही आणि सायलेन्सरमधून दाट पांढरा धूर येतो आहे, तर क्रँकचे ऑइल सील फुटून इंजिन ते तेल ओढून जाळत आहे.

बुऱ्हाणपूरनंतर तापीचा पूल ओलांडून रस्ता दक्षिण काठावरच्या काळ्या जमिनीत येतो. दोन्ही हातांना केळीच्या बागा, मध्ये कापूस, आणि सपाट रस्त्यावर बराच वेळ एका वेगाने जाण्याची सोय. चौथ्या गिअरमध्ये गाडी निमूट होती. शाहपूरच्या वस्तीत गतिरोधकांमुळे पुन्हा दुसरा गिअर टाकावा लागला तेव्हा मात्र सटकण्याच्या जोडीला एक नवा, तालबद्ध टकटक आवाज आला, जो वेग वाढला की जलद होई आणि तिसरा गिअर टाकताच थांबे.

तालावरून तुटका भाग शोधण्याची रीत साधी आहे आणि तिच्यासाठी कागद-पेन्सिलीपेक्षा अधिक काही लागत नाही. गाडी मधल्या स्टँडवर घेऊन, इंजिन बंद ठेवून, संशयित गिअर टाकून व क्लच दाबून धरून मागचे चाक हाताने हळू फिरवावे आणि चाकाच्या एका फेऱ्यात किती टिचक्या ऐकू येतात ते मोजावे. एका फेऱ्याला एक टिचकी येत असेल तर दोष चाकात, ब्रेकमध्ये किंवा मागच्या स्प्रॉकेटमध्ये. चेनमधली एखादी कडी आखडली असेल तर टिचकी चाकाच्या दोन-अडीच फेऱ्यांनी एकदा येते, कारण चेनच्या कड्या शंभराच्या आसपास असतात आणि मागच्या स्प्रॉकेटचे दाते चाळिसाच्या आसपास. मागच्या दातांना पुढच्या दातांनी भागले असता साधारण तीन येतात, म्हणून एका फेऱ्यात तीन टिचक्या आल्या तर काउंटर शाफ्टवरचे चक्र दुखावलेले आहे. आणि मुख्य दांडा दुसऱ्या गिअरमध्ये काउंटर शाफ्टच्या जवळजवळ पावणेदोनपट फिरत असल्याने तेथला दाता तुटला असता टिचक्या पाच-सहा झाल्या असत्या. शाहपूरबाहेर रस्त्याकडेच्या सावलीत ही मोजणी केली तेव्हा टिचक्या तीन भरल्या.

येथून पुढे दुसरा गिअर न वापरता, कमी वेगाने, इच्छापूरचे थोडे अंतर काटले गेले. गावाची खूण दुरूनच दिसते, कारण इच्छादेवीचे मंदिर टेकडीवर आहे आणि पायथ्यापासून वर पायऱ्यांची रांग जाते. खानदेशातल्या अनेक घराण्यांची ही कुलदेवता असल्याने नवरात्रात येथे एमएच-१९ आणि एमपी-६८ या दोन्ही पासिंगच्या गाड्यांची दाटी होते. बोली मराठीच असते, तिच्यात खानदेशी आणि निमाडी मिसळलेली, आणि दुकानांच्या पाट्या हिंदीत. पायथ्याशी गाडी गार होऊ न देता तेल काढण्यात आले, कारण गरम तेल आपल्याबरोबर तळाचा गाळही घेऊन येते. ते मातीत सांडू न देता स्टीलच्या ताटात, पांढऱ्या फडक्यावरून गाळून घेतले होते.

अशा गाड्यांत इंजिन, क्लच आणि गिअर यांचे तेल एकच असते, म्हणून काढलेले तेल तिघांचीही साक्ष एकदम देते आणि ती वेगळी करून ऐकावी लागते. बोटाला राखेसारखा लागणारा बारीक करडा लेप जुन्या गाडीत स्वाभाविक मानला जातो. काळे, जळका वास असलेले तंतू क्लच प्लेटच्या अस्तराचे. चुंबक फिरवल्यावर जे चिकटत नाही ते ॲल्युमिनियम किंवा पितळ-कांस्य असते, पैकी पिवळसर झाक असेल तर एखादी बुश झिजत आहे आणि पांढरट असेल तर केस किंवा पिस्टन. चुंबकाला चिकटणारे, नखाला टोचतील अशा कडा असलेले चमकदार तुकडे पोलादाचे असतात, आणि ते दात्यांचे, डॉगांचे वा बेअरिंगचे असल्याखेरीज अन्य कोठले असण्याची शक्यता फार थोडी. फडक्यावर असे काही कपचे निघाले, आणि त्यांतल्या एकाचा एक पृष्ठभाग घोटल्यासारखा गुळगुळीत तर दुसरा दाणेदार होता. गुळगुळीत बाजू दात्याच्या मूळ चेहऱ्याची, दाणेदार बाजू मोडीची.

या ठिकाणी प्रवास थांबवणे आवश्यक होते, आणि याबाबतीत कोणतीही सवलत देऊ नये असे ठामपणे म्हणावे लागते. तुटलेला कपचा दोन चक्रांच्या दातांमध्ये सापडला, किंवा वाकलेल्या फोर्कमुळे दोन गिअर एकाच वेळी पडले, तर दोन्ही दांडे जागच्या जागी आवळले जातात आणि मागचे चाक चालत्या गाडीत जाम होते. पुष्कळ स्वारांना वाटते की अशा वेळी क्लच दाबला की चाक सुटेल. क्लच फक्त इंजिनाला वेगळे करतो. गिअरबॉक्स आणि चाक चेनने थेट जोडलेले असतात, त्यांच्यामध्ये तोडता येण्याजोगे काहीही नसते. सीमेवरच्या या रस्त्यावर केळीचे आणि मालाचे ट्रक सतत धावतात, आणि त्यांच्यापुढे मागचे चाक जाम झालेल्या दुचाकीला वाचण्याची संधी नसते. गाडी ‘छोटा हत्ती’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या लहान टेम्पोत चढवून बुऱ्हाणपूरला परत नेण्यात आली, कारण सुटे भाग आणि लेथ दोन्ही तेथे एकमेकांजवळ मिळतात.

क्रँककेस उघडल्यावर जे दिसले ते वाटेवरच्या अनुमानांशी जुळणारे होते. काउंटर शाफ्टवरच्या दुसऱ्या गिअरच्या चक्राचा एक दाता कोपऱ्यात मोडला होता, त्याच्या खाचांत शिरणाऱ्या डॉगांच्या ओढीकडच्या कडा गोल झाल्या होत्या, उताराकडच्या कडा बऱ्याच अंशी शाबूत होत्या. फोर्कच्या एका टोकाचा पृष्ठभाग निळसर पडला होता. पोलाद घर्षणाने तापले म्हणजे हा रंग येतो, आणि एकाच बाजूवरचा निळा डाग सांगतो की फोर्क सरकत्या चक्राला दीर्घकाळ एका अंगाने रेटत राहिला आहे. याचे सर्वांत सामान्य कारण स्वाराच्या सवयीत असते: चालत्या गाडीत पाय खटक्यावर विसावलेला असला की त्याचे वजन ड्रममार्फत फोर्कवर येत राहते, डॉग पूर्ण खोलीपर्यंत शिरत नाहीत, कडांच्या टोकावरच सगळी ओढ पडते, कडा गोल होतात, गिअर सटकू लागतो, आणि प्रत्येक सटक्यासरशी पुन्हा आदळणारे डॉग शेवटी दात्यांनाही तडा देतात. मोडलेला दाता हा रोगाचा शेवट होता. आरंभ फोर्कवर होता. केवळ चक्र बदलून जुना फोर्क पुन्हा बसवला असता तर हाच क्रम नव्या भागांवर पुन्हा घडला असता.

गोल झालेल्या डॉगांच्या कडा वेल्डिंगने भरून लेथवर वा ग्राइंडरवर पुन्हा तीक्ष्ण करून देण्याचा स्वस्त पर्याय अनेक ठिकाणी सुचवला जातो. गिअरचे पोलाद वरच्या पातळ थरात उष्णोपचाराने कठीण केलेले व आत चिवट ठेवलेले असते. वेल्डिंगची उष्णता तो थर घालवते, आणि कडा आठवड्यांतच पुन्हा झिजतात. त्यामुळे दुसऱ्या गिअरची दोन्ही चक्रे जोडीनेच नवी घेण्यात आली, कारण जुन्या दातांवर घोटलेले चक्र नव्याशी सुखाने चालत नाही. डॉग ज्या सरकत्या चक्राच्या अंगावर होते ते आणि फोर्कही बदलण्यात आले. काउंटर शाफ्टच्या ज्या बेअरिंगमधून कपचे गेले असण्याची शक्यता होती ते, ऑइल सील व सर्व सर्क्लिपही नवे बसवण्यात आले. ड्रमच्या चरींच्या कडा शाबूत होत्या, म्हणून तो तसाच ठेवला गेला. दांड्यांवरच्या वॉशरांचा क्रम सोडवताना जसा होता तसाच पुन्हा राखावा लागतो, एक वॉशर जरी मागेपुढे झाला तरी डॉगांची पकड खोली बदलते.

क्रँककेसचे दोन्ही अर्धे जोडण्यापूर्वी मिस्त्रीने ड्रम हाताने एकेक घर पुढे फिरवून चारही गिअर पाडून पाहिले, प्रत्येक गिअरमध्ये मुख्य दांडा फिरवून दुसरा दांडा अडखळत नाही ना हे तपासले, आणि न्यूट्रलमध्ये दोन्ही दांडे एकमेकांपासून मोकळे फिरतात याची खात्री केली. नंतर ओल्या क्लचला चालणारे, डब्यावर ‘जासो एमए’ अशी खूण असलेले तेल भरण्यात आले, कारण मोटारींच्या तेलातली घर्षण कमी करणारी द्रव्ये क्लच प्लेटांना घसरवतात. आणि पहिल्या काहीशे किलोमीटरनंतर ते पुन्हा फडक्यावरून गाळून पाहायचे ठरले.